कागदावरची गटार

“सदर ठिकाणी गटार अस्तित्वात आहे. सबब आपली मागणी निकाली काढण्यात येत आहे.”

हे पत्र इंजिनिअरबाईंनी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभं राहून वाचलं. दाराच्या दोन पायऱ्या खाली, परसात, घोटाभर पाणी साचलेलं होतं. पावसाचा एक थेंब पडलेला नव्हता. चार घरांचं धुण्याभांड्यांचं पाणी, दुसरं काही नाही. जायला वाट नाही म्हणून ते तिथेच बसून राहायचं, हिरवं व्हायचं आणि डासांचा संसार सांभाळायचं.

“अस्तित्वात आहे म्हणे!” बाई कडाडल्या. “अकरा अर्ज केले, अकरा वेळा हेच उत्तर. बाबा, तुम्हाला दिसते का हो ही गटार? दिसली तर मलाही दाखवा. डोळे भरून बघते एकदा.”

बाबा खाली परसात होते. पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून ते डब्याने पाणी उपसत होते, बादली भरली की रस्त्यावर नेऊन ओतत होते. वय सत्तरीच्या पुढे. पण हे काम ते कुणाला करू देत नसत. एकदा सुट्टीवर आलेल्या जावयाने बादलीला हात लावला, तर एरवी आवाज न चढवणारे बाबा चक्क खेकसले होते. लेकीच्या प्रश्नावर त्यांनी डबा पाण्यात बुडवला आणि पुन्हा भरून घेतला.

“त्यांना कशाला विचारतेस?” आतून आई म्हणाली. ती खुर्चीत बसली होती, काठी मांडीवर आडवी. सहा वर्षांपूर्वी कपडे वाळत घालायला याच परसात उतरली आणि शेवाळावरून पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून आई आणि काठी अशी जोडी झाली होती. “तुझ्याच खात्याचं पत्र आहे ते. खात्याला विचार.”

हे मात्र खरं होतं. बाई ज्या सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर होत्या, ही वसाहत त्याच खात्याची. बाबाही तिथेच ओव्हरसियर होते. काम इतकं सरळ, की खात्यात त्यांना सगळे ‘ओळंबा’ म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी जो दोरीला वजन लावून सोडतो ना, तो ओळंबा. बाबा निवृत्त झाल्यावर घर लेकीच्या नावावर झालं, आणि घराबरोबर हे पाणीही.

बाईंनी पत्र पर्समध्ये कोंबलं. चहा तसाच राहिला. काल रात्रीपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि त्याला कारण हे पाणी नव्हतं. त्यांच्या बॅगेत एक फाइल होती.

आर्थिक वर्ष संपायला पाच दिवस उरले होते.

ज्यांनी कधी सरकारी कचेरीत काम केलेलं नाही त्यांना सांगायला हवं, की हे शेवटचे पाच दिवस म्हणजे काय असतं. वर्षभर ज्या फाइली हलत नाहीत त्या पळायला लागतात. वर्षभर जागेवर नसणारी माणसं सकाळी आठला हजर असतात. प्रिंटर तापतो, माणसं त्याहून जास्त तापतात. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच धास्ती असते: निधी परत जाईल!

बाईंच्या फाइलीतला निधी होता जमिनीचा. गावाच्या कडेला सरकारने एकशे वीस घरं बांधायची ठरवली होती, ज्यांना स्वतःचं घर नाही अशांसाठी. पण घरं काही उघड्या माळावर उभी राहत नाहीत. आधी जमीन तयार करावी लागते. खोलगट भागात भराव घालायचा, तो दाबायचा, रस्ते आखायचे, पाण्याची लाइन टाकायची, सांडपाण्याची गटार काढायची. सरकार दोन टप्प्यांत पैसे देणार होतं. पहिला टप्पा जमिनीसाठी. जमीन तयार झाल्याचा दाखला गेला, की मग घरांसाठी दुसरा.

पहिल्या टप्प्याचे पैसेच आले आर्थिक वर्षाच्या दहाव्या महिन्यात. तरीही भराव झाला, रस्ते झाले, लाइन पडली. राहिली ती गटार. शेजारच्या कारखान्याच्या जागेतून ती मोठ्या नाल्याला जोडायची होती, आणि कारखान्याची परवानगी तीन आठवड्यांपूर्वी हातात पडली. तीनशे चाळीस मीटरपैकी नव्वद मीटर गटार झाली होती. उरलेल्या अडीचशे मीटरला दोन महिने तरी हवेत. आणि हातात दिवस पाच.

“बसा,” मोठे साहेब म्हणाले. साहेब वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पैसे खाणाऱ्यांतला नाही, कामचुकारही नाही. “मोजमाप पुस्तकात तीनशे चाळीस मीटर लिहा. पूर्णत्वाचा दाखला करा. मी सही करतो. पैसे कंत्राटदाराकडे अनामत राहतील. तो दोन महिन्यांत गटार काढून देईल.”

“होऊन जाईल,” कोपऱ्यातून कंत्राटदार म्हणाला. हे त्याचं ठरलेलं वाक्य. खात्यात त्याचं नावच ‘होऊन जाईल’ पडलं होतं.

“पण साहेब, जे नाही ते आहे म्हणून लिहायचं?”

“अहो, कुणाच्या खिशात घालायचंय का आपल्याला?” साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मला सांगा, पैसे परत गेले तर काय होईल? पुढच्या वर्षी नव्याने प्रस्ताव, नव्याने मंजुरी. दुसरा टप्पा अडकणार. एकशे वीस कुटुंबं वर्ष, दोन वर्षं ताटकळणार. एका गटारीपायी! तुमचा प्रामाणिकपणा त्यांच्या काय कामाचा? दरवर्षी सगळीकडे असंच चालतं, बाई. लोकांचं भलं व्हावं म्हणूनच चालतं.”

बाईंची खरी पंचाईत हीच होती. साहेबांनी लालूच दाखवली असती तर फाइल त्यांच्या टेबलावर आपटता आली असती. इथे चांगुलपणाच सही मागत होता.

त्या बाहेर आल्या तर व्हरांड्यात मावशी उभ्या. कचेरीत झाडलोट करणाऱ्या मावशी, पन्नाशीच्या, सडपातळ, सतत लगबगीत. एकशे वीस घरांच्या सोडतीत त्यांचं नाव निघालं होतं: घर क्रमांक सात, तळमजला. त्या दिवसापासून मावशींच्या पदराला एक घडी घातलेला कागद बांधलेला असे. त्यावर पेन्सिलीने त्यांनी खोली काढली होती, मापं सगळी वितीत.

“बाई, एक सांगा,” मावशींनी कागद उलगडला. “दारामागे कपाट बसेल का हो? साडेसात विती आहे.”

“बसेल, मावशी.”

“आणि दाखला या आठवड्यात जाणार ना? साहेब म्हणत होते, बाईंच्या सहीवर अडलंय.” मावशी हसल्या, पण डोळे बाईंच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत. “खोलीवाल्याने नोटीस दिलीय. सहा वर्षांत चार खोल्या बदलल्या मी. आता खोकी सोडतच नाही. लेक म्हणते, आई, आपण घरात राहतो की गोदामात? तिला म्हटलं, थांब, आता एकदाच सोडायची ती.”

बाई ‘हो’ म्हणाल्या, की ‘बघते’ म्हणाल्या, त्यांचं त्यांनाच आठवलं नाही. दिवसभर त्यांनी तीन वेळा पेनाचं टोपण काढलं आणि तीन वेळा लावलं. पाणी प्यायला उठल्या आणि न पिताच परत आल्या. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने विचारलं, “बाई, बरं नाही का?” त्या म्हणाल्या, “मला काय धाड भरलीय?” आणि लगेच त्याची माफी मागितली.

संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. सही करायची. मावशींचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता. गटार काय, दोन महिन्यांत होऊन जाईल. हे शब्द मनात आले तसे कुणाचे शब्द आपण बोलतोय हे कळून त्या चपापल्या, पण ठरलं ते ठरलं.

जेवणाच्या टेबलावर मोजमाप पुस्तक उघडून त्या बसल्या. बाबा समोर येऊन बसले. सवयीने त्यांनी पुस्तक आपल्याकडे वळवलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बोट ओळीवरून फिरवलं.

“तीनशे चाळीस मीटरची ओळ कोरी ठेवलीयस.”

“आत्ता भरतेय.”

“जमिनीत किती आहे?”

“नव्वद.”

बाबांचं बोट थांबलं.

“बाबा, आता तुम्ही सुरू करू नका,” बाई घाईघाईने म्हणाल्या. आपणच आपली वकिली करतोय हे त्यांना जाणवत होतं. “पैसे परत जातील. आमच्या मावशींची खोली जाणार आहे. दोन महिन्यांत उरलेली गटार होईल. कुणाचं नुकसान आहे यात?”

“पैसे परत गेले तर?”

“पुन्हा मागावे लागतील. वर्ष जाईल.”

“पण मागता येतील ना?” बाबा म्हणाले. “नाही म्हणून सांगितलं, की मागता येतं. एकदा झाली म्हणून लिहिलीस, की ती गटार झाली. मग ती कुणालाच मागता येत नाही. कंत्राटदार आजारी पडतो. साहेबाची बदली होते. नवा साहेब येतो, पुस्तक बघतो. पुस्तकात गटार आहे. जी आहे तिच्यासाठी पुन्हा पैसे कोण देईल?”

“तुम्ही सगळ्यात वाईट तेच धरून चाललात.”

“धरून नाही चाललो, पोरी.” बाबांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज इतका खाली आला, की आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये अशी त्यांची इच्छा असावी. “तू मला सकाळी विचारलंस, ही गटार दिसते का. मला दिसते. चांगली दोनशे दहा मीटर आहे. मीच खोदली. दीड दिवसात खोदली, असल्याच एका पुस्तकात.”

बाईंना क्षणभर कळेना, की बाबा काय म्हणतायत. मग कळलं, आणि त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

“तुम्ही?”

“अडतीस वर्षं झाली. असेच शेवटचे दिवस होते. माझे साहेबही भले होते. म्हणाले, गटारीपायी वसाहत अडवू नका, माणसं भाड्याच्या खोल्यांत कुजतायत. मलाही पटलं. तू कडेवर होतीस तेव्हा, आपणही भाड्याच्या खोलीतच होतो. लिहिलं. दोन महिन्यांत साहेबांची बदली झाली. कंत्राटदार काम सोडून गेला. मी म्हटलं, नव्या साहेबांना सांगू. आज सांगू, उद्या सांगू. सांगायचं म्हणजे आपणच खोटं लिहिलं हे सांगायचं. तोवर मला सगळे ओळंबा म्हणायला लागले होते.” ते थांबले. “मग फार उशीर झाला.”

बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथून काठीचा टक टक आवाज येत होता. आई पाणी प्यायला उठली असावी.

“आईला माहीत आहे?”

बाबांनी मान हलवली. नाही.

बाईंना राग आला, कीव आली, दोन्ही एकदम. मागच्या दारात उपडी ठेवलेली बादली त्यांना दिसली. बाबा तिला कुणाला हात का लावू देत नव्हते, हे आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“उद्या साहेबांना साइटवर आण,” बाबा म्हणाले. “भरावावर पाणी मारायचा टँकर असेल ना तिथे? भरून ठेवायला सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवर बाईंखेरीज चार माणसं जमली. साहेब आले, कारण सहीआधी एकदा जागा बघायचीच होती. कंत्राटदार ‘होऊन जाईल’ आला. बाबा आले, जुना पांढरा शर्ट घालून. आणि मावशी आल्या. त्यांना बोलावलं कुणीच नव्हतं, पण साहेबांच्या गाडीत चहाचा थर्मास न्यायचं निमित्त त्यांनी शोधून काढलं होतं.

जमीन छान दिसत होती. सपाट, दाबलेली, रस्ते गुळगुळीत. पुढच्या आठवड्यात मोठी माणसं बघायला यायची होती म्हणून कंत्राटदाराने चुन्याच्या रेषांनी घरं आखून ठेवली होती. प्रत्येक घराच्या मध्यभागी आकडा. सात नंबरचं घर मागच्या बाजूला, कारखान्याच्या भिंतीजवळ.

मावशी थेट तिकडे गेल्या. चुन्याच्या रेषेपाशी थांबल्या. जिथे दार येणार होतं तिथे चपला काढून नीट बाजूबाजूला ठेवल्या, आणि मग रेषा ओलांडून आत गेल्या. पदराचा कागद सोडून त्या विती मोजायला लागल्या. “हे कपाट. ही खाट. ओटा इथे.” एकट्याच बोलत होत्या. साहेबही ते बघत उभे राहिले.

“बघताय ना?” ते बाईंना हळूच म्हणाले. “यांच्यासाठी म्हणतोय मी.”

“साहेब, मी यांचा बाप,” बाबा पुढे झाले. “याच खात्यात होतो. तुमची दहा मिनिटं हवीत.” आणि टँकरवाल्याला त्यांनी फाटकाजवळच्या रस्त्यावर, जिथे जागा सगळ्यात उंच होती तिथे, टँकर उभा करायला सांगितलं. “व्हॉल्व्ह उघड. पूर्ण.”

पाणी धो धो पडलं. रस्त्यावर पसरलं, कडेला घरंगळलं, आणि वाट शोधत निघालं. भराव चांगला दाबलेला होता. होऊन जाईलचं तेवढं काम चोख होतं. त्यामुळे पाणी मुरलं नाही, पुढे सरकत राहिलं. एकोणीस नंबरच्या घरातून गेलं. बारा नंबरच्या कडेने वळलं. चुन्याच्या रेषा पुसत, माती घेत, ते गढूळ होत गेलं, पण थांबलं कुठेच नाही.

“अहो, एका टँकरने काय सिद्ध होतं?” साहेब म्हणाले.

“एक टँकर म्हणजे आठ-दहा घरांचं एका दिवसाचं पाणी, साहेब,” बाबा म्हणाले. “इथे एकशे वीस घरं येणार.”

मावशींची पाण्याकडे पाठ होती. त्या लेकीच्या पुस्तकांसाठी भिंतीतला कोनाडा ठरवत होत्या. पाणी आधी दारात आलं. एका चपलेखाली शिरलं, तिला उचललं आणि फिरवलं.

“अगं बाई! माझी चप्पल!”

मावशी वळल्या. पाणी चुन्याची रेषा ओलांडून आत येत होतं. पुढे कारखान्याची भिंत. जायला जागा नव्हती. ते सात नंबरमध्ये जमा व्हायला लागलं. जिथे ओटा होता तिथे, जिथे खाट होती तिथे. बघता बघता मावशींचे पाय घोट्यापर्यंत बुडाले. त्या आपल्या घराच्या मध्यभागी उभ्या होत्या, हातात वितींचा कागद, आणि कुठे पाय टाकावा ते त्यांना कळत नव्हतं!

कुणी हसलं नाही. होऊन जाईलने टँकरवाल्याला हात करून व्हॉल्व्ह बंद करायला लावला.

मावशींनी तरंगणारी चप्पल उचलली, दुसरी शोधली, दोन्ही झटकल्या आणि अनवाणीच या चौघांपाशी आल्या.

“हे पाणी कुठे जाणार होतं?” त्यांनी विचारलं.

“मागे गटार येणार आहे, मावशी,” बाई म्हणाल्या. “ती अजून झालेली नाही. ती झाली असं मी लिहिलं, तर दाखला या आठवड्यात जातो. नाही लिहिलं, तर पैसे परत जातात. मग तुमचं घर वर्षभर तरी लांबतं.”

मावशींनी साहेबांकडे पाहिलं. “आणि साहेब, बाईंनी लिहिलं, मी राहायला आले, आणि असं पाणी भरलं, तर मी अर्ज केला तर चालेल ना? मग काढून द्याल ना गटार?”

साहेब बोलणार होते. त्याआधी बाईंनी पर्समधून कालचं चुरगाळलेलं पत्र काढलं, सरळ केलं आणि मोठ्याने वाचलं:

“‘सदर ठिकाणी गटार अस्तित्वात आहे. सबब आपली मागणी निकाली काढण्यात येत आहे.’ हे माझ्या घराचं आहे, मावशी. अकरा अर्जांवर हेच आलं. त्या गटारीचाही दाखला असाच, शेवटच्या आठवड्यात झाला होता.”

“तो मी लिहिला होता,” बाबा म्हणाले. सगळ्यांसमोर, साहेबांच्या डोळ्याला डोळा देऊन. “चांगल्या मनाने लिहिला होता, साहेब. तुम्ही आज सांगताय तीच कारणं होती. माझ्या बायकोचं हाड त्या गटारीत मोडलं. जी गटार नाही, तिच्यात!”

साहेबांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला.

मग मावशी भडकल्या. त्यांना कुणी कधी भडकलेलं पाहिलं नव्हतं. “मग पैसे वर्ष संपताना का येतात? आधी का येत नाहीत? परवानगी उशिरा, पैसे उशिरा, त्यात माझी काय चूक? चूक कुणाचीही असो, थांबायचं मात्र मी! माझ्याच लेकीने खोक्यांवर बसून अभ्यास करायचा!” पदराने त्यांनी तोंड पुसलं, पायाचा चिखलही त्याच पदराने पुसला. “लिहा, बाई. जे आहे तेवढंच लिहा. थांबते मी. पण तुम्ही हे सगळं वर कळवा. नुसतं अपूर्ण म्हणून गप्प बसू नका.”

साहेब चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते. “मावशी,” ते शेवटी म्हणाले, “मी वीस वर्षं निधी वाचवतोय. आज पहिल्यांदा बघितलं, की वाचवून तो कुठे गेला असेल.”

त्या दुपारी बाईंनी मोजमाप पुस्तकात लिहिलं: गटार, नव्वद मीटर पूर्ण, अडीचशे मीटर बाकी. काम अपूर्ण. पेन एकदाही अडलं नाही. साहेबांनी खाली सही केली आणि सोबत स्वतःच्या हाताने पत्र जोडलं: पैसे आणि परवानगी इतक्या उशिरा आल्यामुळे काम राहिलं आहे, उरलेला निधी नव्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात मिळावा, आणि यापुढे जमिनीच्या कामांचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला पाठवावेत. या पत्राबद्दल साहेबांना वरून बोलणी बसली. ती त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतली, पण पत्र मागे घेतलं नाही.

इथे सगळं गोड झालं असं लिहिलं तर तोही एक खोटा दाखलाच होईल. मावशींना ती खोली सोडावी लागली. पाचवी खोली आधीच्याहून लहान निघाली. खोकी उचलायला बाई स्वतः गेल्या, आणि होऊन जाईलने आपला टेम्पो पाठवला, भाडं न घेता. उरलेला निधी चार महिन्यांनी आला. गटार खोदली गेली. तिची मोजणी करताना बाई जमिनीवर टेप धरून पूर्ण तीनशे चाळीस मीटर चालल्या, आणि टेपचं दुसरं टोक मावशींनी धरलं होतं.

पण हे सगळं पुढचं. त्याच संध्याकाळी घरी बाबांनी एक कागद मागितला. ओव्हरसियरच्या जुन्या, रेखीव अक्षरात त्यांनी लिहिलं: या वसाहतीच्या मागच्या बाजूची गटार अस्तित्वात नाही. ती कधीच बांधली गेली नाही. ती पूर्ण झाल्याची नोंद मी केली होती. ती खोटी होती.

“अर्जाला जोड,” ते म्हणाले. “बारावा अर्ज. याचं उत्तर ते कसं देतात बघू. आणि साक्षीदाराची सही लागेल.”

“मी करते,” बाई म्हणाल्या.

“तू अर्जदार. तुझी चालणार नाही.”

काठीचा आवाज आला. आई दारात उभी होती. तिने काही न विचारता कागद हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि वाचला. एकदा वाचून झाल्यावर पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. बाबा खाली मान घालून बसले होते. अडतीस वर्षं जे सांगायला तोंड उघडलं नव्हतं, ते आता त्यांच्यासमोर बायकोच्या हातात होतं.

“म्हणून तुम्ही बादली कुणाला देत नव्हता,” आई म्हणाली.

“हो.”

“सहा वर्षं मी समजत होते, की माझाच पाय वेंधळा.” तिने काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि हात पुढे केला. “पेन द्या. साक्षीदार मी. त्या पाण्यात मीच पडले होते ना?”

तिने सही केली, पूर्ण नावाने. बाबा रडले. रडू दिलं तिने त्यांना. गप्प करायला गेली नाही.

वाचकहो, आपल्याही गल्लीत एखादा रस्ता असेल, एखादा दिवा, एखादी गटार, जी कुठल्याशा पुस्तकात केव्हाच पूर्ण झालेली आहे. ती लिहिणारा माणूस वाईटच असेल असं नाही. कदाचित फार भला असेल, आणि निधी परत जाऊ नये म्हणून त्याने जिवाचं रान केलं असेल. पण सार्वजनिक पैसा म्हणजे कुणाच्या तरी घराखालची जमीन असते. काम झालं नसेल तर ‘झालं नाही’ असं लिहायला हिंमत लागते, आणि ते लिहिल्यावाचून ते काम कधीच होत नाही. लिहिणाऱ्याने खरं लिहावं. देणाऱ्याने वेळेवर द्यावं. आणि आपण नागरिकांनी, काम कुठवर आलं हे पुस्तकात न बघता जमिनीवर जाऊन बघावं. सोबत पाण्याची एक बादली नेली तरी पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात पुन्हा पाणी होतं. बाबा पायजमा खोचून उतरले. बाई त्यांच्या मागोमाग उतरल्या आणि त्यांनी बादलीच्या कडीला हात घातला.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि बादली सोडली.